हरल्यावर भांडणारी माणसं

सॉल्ट लेक स्टेडियमहून सियालदाकडे निघालेल्या मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती आणि डब्यातला प्रत्येक जण कुणावर ना कुणावर उखडलेला होता. तारीख २० ऑगस्ट २०२५. ड्युरँड कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगाल नुकताच डायमंड हार्बरकडून १-२ असा हरला होता. डायमंड हार्बर हा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा क्लब, ही स्पर्धा पहिल्यांदाच खेळणारा. त्यांचा पहिला गोल मिकेल कोर्ताझारनं पाठमोरं हवेत उडून मारला. पुढच्याच मिनिटाला अन्वर अलीनं लांबून फटका हाणून बरोबरी साधली. आणि सात मिनिटं उरली असताना विजयी गोल ठोकला तो जॉबी जस्टिननं. जॉबी हा ईस्ट बंगालचा जुना खेळाडू. याच मैदानावर लाल-सोनेरी जर्सीत कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानविरुद्ध त्यानं मारलेले गोल लोकांना तोंडपाठ आहेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

डब्यात एका कॉलेजच्या पोराची आणि ऑफिसची बॅग छातीशी धरलेल्या चाळिशीच्या गृहस्थांची जुंपली होती. पोराचं म्हणणं, बरोबरी झाल्यावर बचावफळी झोपली. गृहस्थांचं म्हणणं, बचावफळी झोपतेच, प्रशिक्षक ऑस्कर ब्रुझॉननं बदली खेळाडू वेळेवर उतरवायला हवे होते. तिसऱ्यानं मध्येच दोघांना अडाणी ठरवलं. चौथा म्हणाला की इतके गोल हुकवणाऱ्या पुढच्या फळीला आधी घरी पाठवा. आवाज एवढा चढला की स्टेशनांची घोषणा ऐकू येईना.

दाराशी एक सत्तरीचे आजोबा दांडीला लटकून उभे होते आणि चक्क हसत होते. हरल्याचं दुःख नाही का, असं मी हिंदीत विचारलं. आहे ना, म्हणाले. पण तीन-चार वर्षांपूर्वी हरल्यावर कुणी भांडायचंही नाही. आता भांडतायत, हे बघून बरं वाटतंय.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘उमेद’ ठरवला. दुष्काळी गावातलं जलसंधारण, परीक्षेत पाचव्यांदा बसणारी मुलं असे बरेच रास्त पर्याय समोर होते. मी कोलकात्याचं तिकीट काढलं, कारण एवढ्या वर्षांचा पराभव इतक्या माणसांनी एकत्र बसून सोसल्याचं दुसरं उदाहरण मला आपल्या देशात माहीत नाही. शिवाय या पराभवात आपल्याकडच्या मंडळींचा हातभार मोठा आहे. तो पुढे येईलच.

नकाशावर नसलेला प्रांत

ईस्ट बंगाल क्लबचा जन्म रुसव्यातून झाला. १९२० च्या जुलैत जोडाबागान क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. त्यावर चिडून सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला. पूर्व बंगालहून कोलकात्यात आलेल्यांना स्थानिक लोक ‘बांगाल’ म्हणून हिणवत. त्यांना आता आपला म्हणावा असा संघ मिळाला. तोवर हे सगळं शहरातल्या मानापमानाचं प्रकरण होतं. फाळणीनं ते जगण्याचं करून टाकलं.

पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं सियालदा स्टेशनच्या फलाटांवर महिनोन्‌महिने पडून होती. पुढे जादवपूर, विजयगढ, नेताजीनगर या भागांत रिकाम्या जमिनींवर त्यांनी वसाहती उभ्या केल्या. उत्तरेला राणाघाट, बनगाव, बारासात या लोकलच्या वाटांवर गावंच्या गावं वसली. घर, तळं, सुपारीची झाडं सगळं मागे राहिलं. सोडून आलेल्या मुलखाचं नाव रोज वर्तमानपत्रात छापून येई ते एकाच ठिकाणी, खेळाच्या पानावर. पुढे तो मुलूख आधी पूर्व पाकिस्तान आणि मग बांगलादेश झाला. ‘ईस्ट बंगाल’ हे नाव जर्सीवरच राहिलं.

हा संघ त्या काळी दाबून जिंकत असे. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० असं लोळवलं, त्याचा आकडा आजही भिंतींवर रंगवलेला दिसतो. १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजारांहून जास्त माणसं होती आणि भायचुंग भुतियानं हॅटट्रिक केली. २००३ मध्ये सुभाष भौमिकांच्या संघानं जकार्तात जाऊन थायलंडच्या बीईसी तेरोला ३-१ असं हरवलं आणि आसियान क्लब चषक आणला. २००३-०४ मध्ये सलग दुसऱ्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. त्या वर्षी जन्मलेलं पोर २०२५ मध्ये एकविशीत होतं. आपल्या पुरुष संघाला देशाचं विजेतेपद मिळवताना त्यानं तोवर पाहिलेलं नव्हतं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर, पेठापेठांच्या आणि तालमींच्या ईर्ष्येत वाढलेल्या माणसाला यातलं पुष्कळसं ओळखीचं वाटतं. तिथं मॅच हरली की गल्लीतून मान खाली घालून जावं लागतं. इथं मासळी बाजारातही जावं लागतं. ईस्ट बंगाल जिंकला की घरात हिल्सा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, हा रिवाज जुना. मधल्या काळात कोळंबीवाल्यांची चैन झाली.

ट्रॉफी गोव्यात आणि मुंबईत

आता आपला हातभार. २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंत देशातल्या सर्वोच्च लीगची नऊ विजेतेपदं झाली. त्यांतली पाच धेंपोनं, दोन चर्चिल ब्रदर्सनं, एक साळगावकरनं आणि एक मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं नेली. नऊच्या नऊ कोकण किनाऱ्यावर. पणजी-मडगावात त्या दिवसांत लीग जिंकणं हा जणू दर मे महिन्याचा कार्यक्रम होता. इकडे दीड-दोन हजार किलोमीटरवर कोलकात्यातली माणसं तक्ता बघून हिशेब करत बसायची.

ईस्ट बंगाल तेव्हा वाईट खेळत नव्हता, हीच खरी पंचाईत. ट्रेव्हर मॉर्गन या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली २०१०-११ आणि २०११-१२ अशी लागोपाठ दोन वर्षं संघ दुसरा आला. २०१३-१४ मध्ये पुन्हा दुसरा. कोलकाता लीग मात्र २०१० ते २०१७ अशी सलग आठ वर्षं जिंकली. गल्लीत वाघ असण्याचं सुख होतं, पण त्यानं दिल्लीचं दुःख भागत नाही. ३० सप्टेंबर २०१२ ला सिलिगुडीत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोला जादा वेळेत ३-२ असं हरवलं, तेव्हा वाटलं की आता गाडी रुळावर येणार. पुढचा राष्ट्रीय चषक यायला अकरा वर्षांहून जास्त काळ गेला.

सगळ्यात जास्त कालवाकालव होते ती ९ मार्च २०१९ या तारखेनं. लीगचा शेवटचा दिवस. ईस्ट बंगाल कोळिकोडला गोकुळमशी खेळत होता आणि त्याच वेळी कोइंबतूरला चेन्नई सिटी मिनर्व्हाशी. चेन्नईचा एकच गुण जास्त. तिकडे मिनर्व्हानं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि कोलकात्यात घराघरांत दोन-दोन पडदे पेटले, टीव्हीवर एक सामना, फोनवर दुसरा. ईस्ट बंगाल मागे पडून अखेर २-१ असा जिंकला. चेन्नईही मागून येऊन ३-१ असा जिंकला. ४३ गुण विरुद्ध ४२. क्लबच्या कँटीनमध्ये एकानं मला हे दोन्ही सामने मिनिटामिनिटानं सांगितले, टोस्ट गार होईपर्यंत.

प्रेक्षकांवाचून दोन हंगाम

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली. कंपन्यांचे संघ, विदेशी तारे, टीव्हीचा पैसा. कोलकात्याचे जुने क्लब तिच्याबाहेर. हळूहळू तीच देशाची पहिल्या क्रमांकाची लीग ठरली आणि आत जायचं तर मोठा गुंतवणूकदार हवा, हे उघड झालं. मोहन बागान एटीके या आयएसएल संघाशी हातमिळवणी करून आत गेला. ईस्ट बंगालला सिमेंट कंपनी मिळाली ती अगदी शेवटच्या घटकेला. २०२० चा सप्टेंबर संपता संपता प्रवेश जाहीर झाला आणि नोव्हेंबरात लीग सुरू व्हायची होती. लग्न ठरलं आणि दुसऱ्या दिवशी वरात. इतर संघांनी चांगले खेळाडू केव्हाच करारात बांधले होते, उरले त्यांतून संघ जमवला. लिव्हरपूलचा जुना तारा रॉबी फाउलर प्रशिक्षक म्हणून आला. कोविडमुळे सगळी लीग गोव्यात, बंद दारांआड. ईस्ट बंगालचा पहिलाच सामना वास्कोच्या टिळक मैदानावर मोहन बागानशी झाला आणि तो ०-२ असा गेला.

पुढचा हंगाम, २०२१-२२, त्याहून वाईट. २० सामन्यांत एक विजय, ११ गुण, तळाचा अकरावा क्रमांक. एवढं झालं तरी या लीगमध्ये तेव्हा खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत नव्हती. समर्थकांच्या दृष्टीनं ते आणखी वाईट. हरलो तर बुडू, ही भीती असली की माणूस शेवटच्या सामन्यापर्यंत जिवाच्या आकांतानं ओरडतो. इथं जानेवारीतच सगळं संपलेलं असे आणि सामने मात्र मार्चपर्यंत चालत.

त्यात घरातलं भांडण. गुंतवणूकदाराशी झालेल्या प्राथमिक मसुद्यावर क्लबनं सही केली होती, अंतिम करारावर करेना. क्लबचे अधिकार कायमचे हातून जातील असं पदाधिकाऱ्यांचं म्हणणं. पैसा घालतोय तर कागद पुरा करा, असं कंपनीचं. २१ जुलै २०२१ ला क्लबच्या दारात समर्थकांचेच दोन गट समोरासमोर आले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांनी मध्यस्थी करून एक हंगाम निभावला. २०२२ मध्ये कंपनी गेली, इमामी आली.

या काळाबद्दल लोक बोलायला फारसे तयार नसतात. जादवपूरजवळच्या एका चहाच्या टपरीवर पंचेचाळीस-पन्नाशीचा एक घोळका दर सामन्याला जमतो. त्या दोन हंगामांत तुम्ही काय करत होता, असं विचारल्यावर आधी कुणीच बोलेना. मग एक जण म्हणाला की मी सामना लावायचो, पण आवाज बंद करून. दुसऱ्यानं सांगितलं की हरल्यावर मोहन बागानवाले मित्र चिडवायचे, त्यात आम्हीही सामील व्हायचो, स्वतःवरच विनोद करायचो. स्टेडियम बंद असल्यामुळे गोळा होऊन बोंबलायची सोयही नव्हती. माझ्या मते खरी पडझड हीच. तक्त्यातला अकरावा क्रमांक तिचं नुसतं लक्षण.

तंबूतला स्ट्यू

कोलकात्याचं ‘मैदान’ हे विस्तीर्ण पटांगण सैन्याच्या ताब्यात आहे, तिथं पक्कं बांधकाम करता येत नाही. म्हणून शंभर वर्षांच्या क्लबच्या मुख्यालयालाही ‘टेंट’च म्हणतात, मग आत पंखे, कपाटं, चषकांची दालनं काहीही असो. लेस्ली क्लॉडियस सरणीवरच्या ईस्ट बंगालच्या टेंटमध्ये सकाळपासून माणसं डोकावत असतात. मैदानावरच्या क्लबांच्या कँटीनमधला स्ट्यू आणि टोस्ट प्रसिद्ध. पातळसर रस्सा, त्यात बटाटा, गाजर, पपई आणि कोंबडीचा एक तुकडा, वर मिरपूड. बाजूला लोणी लावलेला जाड पाव. गाजरापपईचा रस्सा ही काही माझ्या आवडीची गोष्ट नव्हे, पण इथल्या बाकांवर तो खाल्ल्याशिवाय कुणी तुमच्याशी मोकळेपणानं बोलत नाही.

सामन्याच्या दिवशी काय काय घडतं ते इथंच कळतं. जिल्ह्याजिल्ह्यांत समर्थकांचे गट आहेत. ते वर्गणी काढून ‘मॅटाडोर’ ठरवतात. हा छोटा उघडा ट्रक. वीस-पंचवीस जण उभे राहतात आणि झेंड्यांच्या काठ्या बाहेर काढून टोलनाक्यापासून घोषणा सुरू करतात. गॅलरी झाकणारं भलंमोठं चित्र, म्हणजे टिफो, करायला आठवडाभर रात्री जागतात. कापड मापून कापायचं, शिवायचं, कुणाच्या तरी शाळेच्या पटांगणावर पसरून रंगवायचं आणि पाऊस आला की सगळ्यांनी मिळून उचलून व्हरांड्यात न्यायचं. ऑगस्टातल्या कोलकात्यात पाऊस येतोच. रंगवणाऱ्यांत सॉफ्टवेअरवाले, शिकवण्या घेणारे, रिक्षा चालवणारे असे सगळे. फाळणी त्यांच्या आजोबांनी पाहिली. ढाका, बारिसाल, फरीदपूर ही गावं यांच्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेली नाहीत. कोणाचं घर कुठलं हे मात्र विचारायच्या आत सांगतात.

मला या मंडळींकडून जाणून घ्यायचं होतं ते एवढंच की उमेद परत आली तो दिवस कुठला. उत्तरं दोन गटांत पडली.

जुने लोक १२ ऑगस्ट २०२३ सांगतात. तोवर मोहन बागानविरुद्धचे सलग आठ सामने हरले होते, शेवटचा विजय जानेवारी २०१९ चा. समोर त्या वर्षीचा आयएसएल विजेता संघ. साठाव्या मिनिटाला तमिळ पोरगा नंदकुमार सेकरनं उजवीकडून आत येत डाव्या पायानं चेंडू वळवला. १-०. काही मिनिटं गॅलरीत कुणाला कळेचना की उरलेला वेळ कसा काढायचा, कारण आघाडी राखायची सवयच मोडली होती. त्याच ड्युरँड कपच्या अंतिम फेरीत पुन्हा मोहन बागान समोर आला आणि ०-१ असा पराभव झाला. ते मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

तरुण लोक २८ जानेवारी २०२४ सांगतात. भुवनेश्वरचं कलिंग स्टेडियम, सुपर कपचा अंतिम सामना, समोर यजमान ओडिशा. हावड्याहून एका रात्रीचा प्रवास, त्यामुळे हजारो जण गेले. कार्लेस क्वाद्रात या स्पॅनिश प्रशिक्षकाचा संघ २-१ असा पुढे होता. भरपाईच्या वेळेतलं आठवं मिनिट चालू होतं, आणि ओडिशाला पेनल्टी. २-२. एक मुलगी सांगत होती की त्या क्षणी तिच्या शेजारचे काका पिशवी उचलून चालू लागले. गेली बारा वर्षं असंच होतंय, म्हणाले. तिनं त्यांचा शर्ट धरून बसवलं. १११ व्या मिनिटाला ब्राझीलच्या क्लेटन सिल्व्हानं गोल केला. ३-२, जादा वेळेत. २०१२ च्या सिलिगुडीतही हाच आकडा, याच रीतीनं. काकांना उठू दिलं असतं तर जन्मभर बोलणी खाल्ली असती, असं ती म्हणाली, म्हणजे काकांनी नव्हे, तिनं.

रविवार ते बुधवार

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे आणि सिनेमावाल्यांनी इथंच पाट्या दाखवल्या असत्या. प्रत्यक्षात पुढच्या आयएसएल हंगामात ईस्ट बंगाल पहिले सहाच्या सहा सामने हरला. ज्या क्वाद्रातना डोक्यावर घेतलं होतं, त्यांनी सप्टेंबर २०२४ अखेर राजीनामा दिला. हंगाम संपला तेव्हा संघ पुन्हा नववा. आधीच्या दोन हंगामांतही नववाच होता. तक्ता पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही.

बदल गॅलरीत दिसतो. २०२४ च्या ऑगस्टात आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, सगळं शहर रस्त्यावर उतरलं, आणि १८ ऑगस्टची ईस्ट बंगाल-मोहन बागान डर्बी पोलिसांनी बंदोबस्ताचं कारण दिल्यानं रद्द झाली. सामना नसतानाही दोन्ही क्लबांचे लोक स्टेडियमबाहेर जमले. लाल-सोनेरी आणि हिरव्या-मरून जर्सी खांद्याला खांदा लावून न्याय मागत होत्या. लाठ्याही एकत्रच खाल्ल्या. गोव्यातल्या दोन हंगामांत आवाज बंद करून सामना बघणारी माणसं हीच. त्या संध्याकाळबद्दल बोलताना कुणीही फुटबॉलचा निकाल काढत नाही.

आणि २०२५ चा १७ ऑगस्ट, रविवार. पुन्हा ड्युरँड, पुन्हा मोहन बागान, उपांत्यपूर्व फेरी. जखमी आघाडीपटू हमीदच्या जागी लवकर उतरवलेल्या दिमित्रिओस दियामान्ताकोसनं आधी पेनल्टी आणि उत्तरार्धात दुसरा गोल मारला. समोरून अनिरुद्ध थापानं एक फेडला. उरलेली वीस-बावीस मिनिटं माझ्या पुढच्या रांगेतला माणूस मैदानाकडे पाठ करून उभा होता आणि बायकोला काय चाललंय ते सांगायला लावत होता. २-१. बाहेर पडल्यावर मशालींचा धूर, ढोल आणि मॅटाडोरच्या टपावर नाचणारी पोरं. सोमवारी सकाळी गडियाहाटच्या बाजारात हिल्शाच्या गाळ्यासमोर रांग होती. मासेवाला स्वतः मोहन बागानवाला निघाला. भाव कमी करा म्हटल्यावर त्यानं सांगितलं की काल तुम्ही आम्हाला सोडलं का?

बुधवारी डायमंड हार्बर. मेट्रोतलं भांडण सुरुवातीला सांगितलंच. त्या भांडणात ‘आपल्याकडून काय अपेक्षा ठेवायची’ हे वाक्य एकानंही उच्चारलं नाही. प्रत्येकाला हा सामना जिंकायलाच हवा होता असं मनापासून वाटत होतं, म्हणूनच तर कुणाचं तरी चुकलं होतं. सियालदाला सगळे उतरले तरी वाद थांबेना. बनगाव लोकलच्या फलाटाकडे तो तसाच सरकत गेला.

लीग मुलींनी आणली

एकवीस वर्षांची प्रतीक्षा संपली ती भलत्याच दारानं. १८ एप्रिल २०२५ ला, टेंटला लागून असलेल्या क्लबच्याच मैदानावर, ईस्ट बंगालच्या महिला संघानं ओडिशाला १-० असं हरवून इंडियन विमेन्स लीग जिंकली. प्रशिक्षक अँथनी अँड्र्यूज, पुढच्या फळीत गोलांचा पाऊस पाडणारी युगांडाची फाझिला इक्वापुत. क्लबच्या नावावर २००४ नंतरची ही पहिली राष्ट्रीय लीग. ऑगस्टअखेर याच मुलींनी नॉम पेन्हला जाऊन तिथल्या क्राउन संघाला हरवलं, हाँगकाँगच्या किचीशी बरोबरी केली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात प्रवेश मिळवला.

पुरुषांची आयएसएल त्या वर्षी कधी सुरू होणार, ते तेव्हा ठरलेलं नव्हतं. आयोजक कंपनी आणि महासंघ यांचा करार डिसेंबरात संपत होता, म्हणून जुलैतच सगळं लांबणीवर टाकलं गेलं. लीग कधी ते माहीत नसताना कँटीनमध्ये मात्र पुढच्या हंगामाचा अकरा जणांचा संघ तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लागत होता.

चौथ्या टेबलावर निराळाच वाद. मुलींच्या विजेतेपदानं २००४ पासूनचा उपास सुटला का? एकाच्या मते सुटला, लीग ती लीग आणि जर्सी तीच. त्याच्या समोरच्या दाढीवाल्याला मान्य नव्हतं. पुरुषांनी जिंकल्याशिवाय मी मोजणार नाही, म्हणाला. त्यावर पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. एप्रिलच्या त्या सामन्याला तू कुठे होतास, इथं हाकेच्या अंतरावर तर होता. दाढीवाला गडबडला, ऑफिस होतं म्हणाला. मग तुला बोलायचा हक्क नाही, असा निकाल देऊन बाई तिसऱ्या माणसाकडे वळल्या. तो फोनवर काहीतरी शोधत होता. गटातले सामने नोव्हेंबरात वुहानला होणार होते, तेव्हा चीनचा व्हिसा किती दिवसांत मिळतो आणि कोलकात्याहून चौघांनी एकदम अर्ज केला तर स्वस्त पडतं का, हे तो बघत होता. चौथं नाव अजून ठरायचं होतं. दाढीवाल्यानं हात वर केला, तेव्हा पुन्हा आरडाओरडा सुरू झाला.